पाइपात उरलेलं पाणी

३ फेब्रुवारी

गेल्या वर्षीची कोरी डायरी घरात पडून होती. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. वार खोडून लिहायला बसलोय, कारण डोक्यात जे चाललंय ते ऐकायला घरात माणूस नाही. जिच्याशी बोलतो ती दवाखान्यात आहे.

बायकोचा डावा पाय आठवडाभर दुखत होता. मी म्हटलं, भरून आला असेल. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते, दिवसभर मशिनपुढे उभी असते. काल पोटरी टम्म सुजली, लालबुंद झाली, हात लावू देईना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि घरी सोडलंच नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालीय. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जातं, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी शहाण्यासारखी मान हलवली. मग बाकावर जाऊन बसलो आणि समोरची एकच पाटी चारदा वाचली.

दोन्ही मुली घरी माझ्या आईजवळ आहेत. आई म्हणते, "उभ्याची नोकरी, अजून काय होणार!"

७ फेब्रुवारी

बायको घरी आली. गाठ नोकरीमुळे नाही, गोळ्यांमुळे. मूल न होण्याच्या गोळ्या, ज्या ती धाकटीच्या जन्मापासून पाच वर्षं घेत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरून जाऊ नका. लाखो बायका घेतात, बहुतेकींना काही होत नाही. यांच्या आईलाही असा त्रास होता, हे मला आधी कळायला हवं होतं." गोळी कायमची बंद. रक्त पातळ राहण्याचं औषध निदान सहा महिने. फार वेळ उभं राहायचं नाही, बसलं की पाय वर ठेवायचा. आणि काहीही झालं तरी दिवस जाता कामा नयेत. त्यात रक्त आणखी घट्ट होतं, शिवाय हे औषध पोटातल्या जिवाला वाईट.

मग काय करायचं, मी विचारलं. तांबी बसवली तर रक्त पातळ असताना अंगावरून फार जायची भीती. बाईचं ऑपरेशन सध्या नकोच. एवढं बोलून डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आता तुमचा नंबर."

मी घड्याळाकडे पाहिलं. का पाहिलं, कोण जाणे.

घरी येताना मी त्या गोळ्यांना दोन शिव्या हासडल्या, तर बायको म्हणाली, "शिव्या देऊ नका. त्या होत्या म्हणून मी दुकानाचं तोंड पाहिलं. थोरलीच्या पाठीवर लगेच धाकटी झाली, तेव्हा माझी काय दशा होती, विसरलात?"

विसरलो नव्हतो. पण आठवलंही नव्हतं.

१२ फेब्रुवारी

आठ इमारतींच्या वसाहतीचं पाणी माझ्या हातात आहे. पंप, टाक्या, व्हॉल्व, सगळं. लोक मला नावानं हाक मारत नाहीत, "पाणीवाले" म्हणतात. आज पंपाच्या खोलीत वायरमन आणि वॉचमन बसले होते. मी सहज म्हटलं, "एका मित्राचं विचारतोय. पुरुषाचं ते ऑपरेशन. कसं असतं?"

वायरमन गालातल्या गालात हसला. "मित्राला सांग, वजन उचलायचं विसर. दोन जिने चढला की धाप लागेल. आणि बाकीचं तर बोलायलाच नको."

वॉचमन म्हणाला, "निसर्गाच्या कामात माणसानं ढवळाढवळ करू नये."

"मग तू कवळी कशाला लावलीस?" वायरमननं टोकलं.

"ती खाण्यासाठी. हे वेगळं. आधी सरकारवाले ओरडायचे, लोक फार झाले. आता ओरडतात, तरुण उरले नाहीत. यांच्या नादानं कुणी कापून घ्यायचं?"

"तुझ्या मुलाला विचार, त्याला तीन पोरं वाढवताना देश आठवतो का!" वायरमन म्हणाला, आणि दोघं अर्धा तास भांडले. मला काय पाहिजे होतं ते राहिलंच. शेवटी वायरमननं विचारलं, "मित्राची बायको काय म्हणते?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

२१ फेब्रुवारी

आज घरात रण पेटलं. ताई आल्या होत्या, बायकोची थोरली बहीण. त्या बोलायला लागल्या की समोरच्याला कॉमा मिळत नाही. म्हणाल्या, "मुलं दोघांची, मग गोळ्या एकटीनं का गिळायच्या? पाच वर्षं तिनं सांभाळलं. आता यांनी अर्धा तास द्यावा."

आई भाजी निवडत होती. ती टोपली सरकवून उभी राहिली. "माझ्या मुलाच्या अंगाला सुरी लागणार नाही. कष्टाचं काम आहे त्याचं. बायकांचं बायकांनी बघावं, आम्ही बघितलंच ना?"

"काय बघितलंत? तुमची सात बाळंतपणं झाली, मुलं राहिली तीन."

 मला वाटलं, आई आता भडकेल. ती खाली बसली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. निवडलेलीच परत निवडत होती.

बायको पाय उशीवर ठेवून हे सगळं ऐकत होती. मी तिला म्हटलं, तू बोल की. ती म्हणाली, "मी काय बोलू? जीव माझा आहे, पण अंग तुमचं आहे. तुम्ही ठरवा." नंतर म्हणाली, "आणि तो मोरीतला नळ गळतोय, तेवढा वायसर बदला. पाणीवाल्याचं घर आहे म्हणे."

११ मार्च

झालं! जिवंत आहे!

दोनदा तारीख घेऊन मी गेलो नव्हतो, हे इथे लिहून टाकतो. एकदा पंप बिघडला म्हणून सांगितलं, तो बिघडला नव्हता. दुसऱ्यांदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो. परवा बायको जिन्यात मध्येच थांबली, छातीवर हात धरून. काही नाही, दम लागला, म्हणाली. पण तेवढ्यात माझी पाचावर धारण बसली. आज गेलोच.

वीस मिनिटांत काम संपलं. टाकासुद्धा नाही. भुलीची सुई टोचली तेवढीच काय ती. डॉक्टर फुटबॉलबद्दल बोलत होते आणि मी छताकडे बघत होतो. छताला ओल होती, वरच्या मजल्यावरचा सांधा गळत असणार. मी त्यांना तसं सांगितलंही.

नंतर सिस्टर आली. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत, आणि खोलीत आणखी तिघंचौघं. ती सगळ्यांदेखत सुरू झाली. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही, तीन महिने हे वापरायचं, तीन महिन्यांनी तपासणीला नमुना आणायचा, मगच मोकळे. आणि एक भलं मोठं पाकीट माझ्या हातात. मी लाजेनं अर्धमेला झालो. पाकीट हत्यारांच्या पिशवीत तळाशी कोंबलं आणि हो हो करत सटकलो. नमुना म्हणे! या वयात बाटलीत काय काय भरून न्यायचं!

बायको खाली थांबली होती. माझा चेहरा बघून हसली, किती दिवसांनी. "दुखतंय?" म्हटलं, छे. "अजून काही सांगितलं का त्यांनी?"

"काही नाही. दोन दिवस आराम."

तिनं माझा हात धरला. भर रस्त्यात. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

२९ मार्च

दोन आठवडे झाले कामावर रुजू होऊन. जिने चढतो, धाप लागत नाही. वायरमनला मुद्दाम मोटारीचं झाकण एकट्यानं उचलून दाखवलं.

आज टाकी धुवायची होती म्हणून सकाळी मुख्य व्हॉल्व बंद केला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर लगेच खाली. "पाणी बंद म्हणता आणि माझ्या नळाला येतंय. तुमचं काम कच्चं." मी म्हटलं, "सर, वर बंद केलं तरी पाइपात असतं ते येणारच. सगळे नळ सोडा, वाहून जाऊ द्या, मग बंद होईल." पटेना. त्यांना उभं करून दाखवावं लागलं. शिकलेल्या माणसांना साधी गोष्ट कळत नाही, गंमत वाटते.

१८ एप्रिल

बरे दिवस आहेत. बायको पुन्हा दुकानात जाते. घरी आली की गाते, हळू आवाजात, मला ऐकू येत नाही असं समजून. पूर्वी गोळी घेतली का, विसरली का, ही एक धाकधूक कायम असायची. आता ती नाही. आम्ही नव्यानं लग्न झाल्यासारखे आहोत, याहून जास्त लिहीत नाही, मुली मोठ्या होतायत आणि डायरीला कुलूप नाही.

एकच खटकतं. संध्याकाळी चष्मेवाला, तिचा मालक, तिला स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडतो. विधुर माणूस. बायकोला विचारलं तर म्हणाली, "बसमध्ये उभं राहावं लागतं ना." तेही खरंच म्हणा.

१९ मे

दोन पानं लिहून फाडली, हे तिसरं.

आज सकाळी आई मुलींना घेऊन देवळात गेल्यावर बायको समोर येऊन बसली. "मला दिवस गेलेत."

मी हसलो. खरंच हसलो. मग तिचा चेहरा पाहिला.

"कसं शक्य आहे?"

"ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून, जरासुद्धा न चाचरता. "सिस्टरनी तेव्हा अजून काही सांगितलं होतं का? नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? बंद केलं म्हणजे बंद केलं."

"डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा बजावत होत्या, दिवस जाता कामा नयेत म्हणून. मला भीती वाटतेय."

मला तिची भीती दिसली नाही. मला स्कूटर दिसली. आणि तो शब्द तोंडातून गेला. "कुणाचं?"

ती मग उठली आणि मोरीत जाऊन नळ घट्ट पिळला. तो गळायचा थांबत नाही, हे तिला माहीत आहे.

२३ मे

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. मुलींना कळलंय काहीतरी.

आज दुपारी काम सोडून चष्म्याच्या दुकानात गेलो. काय ते तोंडावर विचारणार होतो. बायको सुट्टीवर होती, म्हणजे मला ते माहीतच नव्हतं. तिच्या मशिनपुढे उंच खुर्ची, आणि खाली गादी लावलेलं एक बुटकं स्टूल. बाकीचे दोघं कारागीर उभे राहून काम करतात. हिला राणीसारखी बैठक! मला पाहून चष्मेवाला गडबडीनं उठला. "या, या. पाय कसा आहे त्यांचा? मी फोन करणारच होतो." आवाजात नको तेवढी काळजी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी एक शब्द न बोलता परत आलो. वाटेत ठरवलं, संबंध संपला.

आणि तरीही बाजारातून तिला आवडतात म्हणून आंबे आणले. घरी आल्यावर मुलींना देऊन टाकले.

२७ मे

सकाळी ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. हे ठेवता येणार नाही, उशीरही करता येणार नाही. येता का?"

मी म्हटलं, "ज्याचं आहे त्याला घेऊन जा."

ती गेली. पिशवीत दोन साड्या, औषधाची पट्टी. ताईंकडे राहीन म्हणाली. गुन्हा नसता तर भांडली असती. माझ्या तोंडावर चार शब्द फेकले असते. गप्प गेली, यातच सगळं आलं.

२ जून

सहा दिवस झाले. फोन नाही. माझाही नाही.

आज आईला सांगितलं. वाटलं, घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं असेल. दोघींचा छत्तीसचा आकडा आहे. मुली बाहेर खेळत होत्या. मी हळूच म्हटलं, "तुझी सून काय करून बसलीय, ऐक." ऑपरेशन, दिवस, स्कूटर, स्टूल, सगळं सांगितलं.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "झालं बोलून? आता मी सांगते. तेरा वर्षं मी तिच्याशी भांडतेय. जिच्याशी रोज भांडतो ते माणूस आपल्याला पक्कं कळतं. ती तोंडावर बोलेल, आदळआपट करेल, लपवून काही करायची नाही. लपवतोस तू. लहानपणापासून. शाळेत जातो म्हणून तळ्यावर."

"अगं, पण ऑपरेशन झालंय माझं!"

"झालं असेल. तुझं एक तरी काम पुरं झालेलं दाखव. चार महिने मोरीतला नळ गळतोय. संशय घ्यायची एवढी हौस आहे तर आधी स्वतःवर घे." आणि मग पदर डोळ्याला लावून, "तिला तिथं काय झालं असेल, कुणाला ठाऊक. सातातली माझी चार कशी गेली ते मला विचार. एकदा तर मीच जाणार होते. तुझे वडील तेव्हा ओटीवर पत्ते खेळत होते."

हे मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं.

रागारागात उठलो, म्हटलं आधी तो नळ तरी गप्प करतो. वायसर शोधायला हत्यारांची पिशवी पालथी केली. पाने पडले, सुतळी पडली, आणि सगळ्यात शेवटी निरोधचं ते पाकीट. न फोडलेलं.

मी मोरीत बसून राहिलो. तीन महिने हे वापरायचं. नमुना आणायचा. मगच मोकळे. खणखणीत आवाजातलं सगळं जसंच्या तसं ऐकू आलं. आणि पाठोपाठ माझाच आवाज. सर, पाइपात असतं ते येणारच.

देवा. तिला काय बोललो मी!

४ जून

काल नमुना दिला, आज सिस्टरसमोर उभा. तिनं कागद पाहिला. "अजून आहेत. कमी, पण जिवंत. तीन महिने वापरलंत ना?"

मी नाही म्हटलं.

"घरी सांगितलं होतंत?"

नाही म्हटलं.

"पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली. आज खोलीत आणखी पाचजण होते. मला कुणाचीच लाज वाटली नाही. मी विचारलं, दिवस गेले तर? तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "गेलेत का? मग इथं काय करताय?"

तिथून तडक ताईंच्या घरी. दार ताईंनी उघडलं, आणि त्यांच्यासारखी बाई एक शब्द बोलली नाही. नुसती बाजूला झाली.

बायको भिंतीला टेकून बसली होती. पांढरीफटक. घरातून गेली त्याच दिवशी तिला दाखल केलं होतं. पोट रिकामं केलं, पण रक्त पातळ असल्यामुळे थांबेचना. दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, यांचे मिस्टर कुठे आहेत. ताईंनी सांगितलं, कामावर आहेत. तेव्हा मी खरंच कामावर होतो. गच्चीवरच्या टाकीचा तरंगता गोळा बदलत होतो आणि मनात तिच्याशी भांडत होतो, माझ्याच बाजूनं.

मी कागद तिच्यापुढे धरला. म्हटलं, चूक माझी, सिस्टरनं सांगितलं होतं, मी तुझ्यापासून लपवलं, वाट्टेल ती शिक्षा दे. रडलो. अगदी हुंदके देऊन.

तिनं कागद वाचला. सावकाश. घडी घालून परत दिला.

"हा कागद उलटा आला असता, तर?"

मला समजलं नाही.

"तीन महिने होत आले. कालपर्यंत सगळं निचरून गेलं असतं, कागदावर काही नाही असं आलं असतं, तर? तेव्हाही तुम्ही आला असता का?"

मी हातातल्या कागदाची घडी आणखी लहान केली. 

"जा आता," ती म्हणाली. "मुली वाट बघत असतील."

१६ जून

ती घरी आली. मुलींसाठी, असं स्पष्ट सांगून आली. आईनं तिला हात धरून आत नेलं, आणि संध्याकाळपर्यंत दोघी भाजीत मीठ जास्त की कमी यावरून भांडल्या. त्या भांडणाचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की जिन्यात जाऊन उभा राहिलो.

माझ्याशी कामापुरतं बोलते. चष्मेवाल्याकडे जाऊन मी माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही. म्हणाले, "स्टूल घरी न्यायचं का? माझ्या हिच्यासाठी केलं होतं. तिचाही पाय असाच होता."

२२ ऑगस्ट

नमुना दिला. काही नाही, असं आलं. तिला सांगितलं. "आणखी एकदा करा," म्हणाली. बरोबर आहे तिचं.

३० सप्टेंबर

दुसऱ्यांदाही काही नाही. सिस्टर म्हणाली, "आता मोकळे." मी तिला छताच्या ओलीबद्दल पुन्हा सांगितलं. उद्या जाऊन तो सांधा करून देणार आहे.

दुपारी वायरमन पंपाच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं, पान्याशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "एका मित्राचं विचारतोय."

मी हसलो नाही. सगळं सांगितलं. वीस मिनिटं, टाका नाही, धाप लागत नाही. तीन महिने वापरायचं, नमुना द्यायचा, सिस्टर जे जे बोलेल ते घरी जाऊन बायकोला शब्दन् शब्द सांगायचं. "आणि मध्ये काही झालं तर तिला काही विचारू नको. आधी स्वतःला तपासून घे." तो म्हणाला, एवढं काय! मी म्हटलं, एवढंच.

संध्याकाळी घरी आलो. बायको मोरीत कपडे पिळत होती. नळ आता गळत नाही. तिच्या प्रश्नाला चार महिने होत आले आणि मी रोज त्याला वळसा घालून जातोय. आज दारात उभा राहिलो.

"तू विचारलं होतंस, कागद उलटा आला असता तर. मी आलो नसतो."

तिचे हात थांबले.

"मरेपर्यंत चुकीचा राहिलो असतो आणि मला वाटलं असतं, माझंच खरं. तू काहीच केलेलं नसताना."

ती पाठमोरीच होती. कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. मग तिनं चादरीचं एक टोक मागे केलं.

"धरा," ती म्हणाली. "एकटीला पिळवत नाही."